इस्त्रीवाल्याचा हात

माझा धाकटा भाऊ इस्त्रीवाला. माणूस लाखातला, पण हट्टी म्हणजे किती! त्या दुपारी कपडे टाकायला त्याच्या दुकानात गेले, तर भावजय टेबलाला टेकून उभी. सातवा महिना, हातात अर्धवट घडी केलेली चादर, आणि धाप अशी की दोन शब्द सलग बोलवेनात.

"हिला काय झालंय रे?"

"सर्दी-खोकला. अंग दुखतंय म्हणते. साथच आहे ना सगळीकडे. पण ताप नाहीये ताई, सकाळपासून सारखा हात लावून बघतोय."

मी तिच्या कपाळाला हात लावला. पोरगी तापानं नुसती फणफणत होती.

"अरे शहाण्या! दिवसभर इस्त्रीपाशी तुझे तळवे तापलेले. त्या हाताला अख्खं जग गारच लागणार!"

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं मला. पण भावजयीचे ओठ निळसर दिसले आणि मी रस्त्यावर धावले. समोरून येणारी पहिली गाडी हात करून थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी ऑक्सिजन लावला. "फ्लू दिसतोय. गरोदरपणी तो छातीत लवकर उतरतो. औषध जितकं लवकर, तितकं बरं. तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबत नाही, आत्ताच देते. लस घेतली होती?"

"पोटात बाळ असताना सुई कशाला, म्हणून मीच नको म्हटलं," भाऊ पुटपुटला.

"अहो, आईसाठी आणि बाळासाठीच तर असते ती!"

तेवढ्यात तोही खोकला. बाईंनी आम्हा दोघांना मास्क दिले आणि त्याला दाराबाहेर काढलं.

मग बाई बाळाचे ठोके शोधू लागल्या. यंत्र पोटावर इकडून तिकडे फिरत होतं. नुसती खरखर. भावजयीची नखं माझ्या मनगटात रुतली. यंत्र थोडं खाली सरकलं आणि ठोके ऐकू आले, भरभर, घाईघाईनं.

"बाळ ठीक आहे," बाई म्हणाल्या. "हिचाही ऑक्सिजन चढतोय. पण घरी सोडणार नाही इतक्यात."

मी बाहेर आले. भावाला काय काय सुनवायचं ते मनात जुळवूनच ठेवलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. वळला, पण विचारायचा धीर होईना त्याला.

"दोघंही आहेत रे," एवढंच म्हणाले.

तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. जुळवलेलं सगळं गिळून मीही त्याच्या शेजारी फरशीवर बसले.