अर्जावरच्या पाच ओळी

माझी थोरली मेहुणी, म्हणजे आम्हा सगळ्यांची ताई, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासते. एकतीस वर्षं झाली. दुर्बिणी दुरुस्तीला आल्या की त्याही तिच्याच टेबलावर येतात. दुरुस्त झालेली दुर्बीण ती खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर रोखून तपासते. टाकीला कुठे तडा गेलाय, कुठला नट गंजलाय हे टाकीच्या मालकापेक्षा ताईला जास्त माहीत आहे.

त्या दुर्बिणी घेऊन लोक बेटावर जातात. बंदरापासून बोटीने तीन तास. तिथल्या कड्यावर हजारो समुद्रपक्षी घरटी करतात, आणि वर्षातून दोनेक आठवडे त्यांची पिल्लं, अजून धड उडता येत नसताना, कड्यावरून थेट समुद्रात उड्या टाकतात. लोक ते बघून येतात, दुर्बीण पुन्हा आपटून आणतात आणि ताईला सगळं रंगवून सांगतात. ताई ऐकून घेते आणि टाकीकडे बघते.

यंदा तिने जायचं ठरवलं. दोन दिवस, एक मुक्काम, एकटीने, स्वतःसाठी जुळवलेली एक दुर्बीण घेऊन. चूक एवढीच केली, की हे रविवारी सगळे जेवायला जमलेले असताना सांगितलं.

आमच्याकडे एकटं जाणं हा आजार समजतात आणि त्यावर सगळे मिळून उपचार करतात. जेवणं उरकेपर्यंत माझे सासरे आप्पा, मेहुणा, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, माझी बायको आणि मी असे पाचजण बेटावर निघालो होतो. कोणी कोणाला विचारलं नाही. ताईला तर नाहीच.

पुढचे तीन रविवार आखणी चालली. मेहुणा जमिनींचे व्यवहार करतो, त्यामुळे समोरच्याची वस्तू थोडी थोडी करून आपल्याकडे कशी घ्यावी हे त्याला उत्तम कळतं. पहाटेची बोट त्याने पहिल्याच रविवारी दुपारची केली. वहिनींनी पक्ष्यांना वास येतो का ते विचारलं. येतो म्हटल्यावर मुक्काम कड्याजवळच्या खोल्यांतून बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. आप्पांना बोटीत पाठ असलेली खुर्ची हवी होती. माझ्या बायकोने कासवं आणि हरणं घातली, कारण नुसते पक्षी काय, ते गच्चीवरही येतात. मीही गप्प बसलो नाही, खोटं कशाला सांगू. गादी जाड असते का, एवढं विचारलं.

तिसऱ्या रविवारी कड्याच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली होती आणि दुपारच्या जेवणाला दोन तास. ताई हे सगळं कागदावर टिपत होती. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. शिसं हल्ली कच्चं येतं, असं आप्पा म्हणाले.

बेटावर उतरायला बंदरावरच्या कार्यालयातून परवाना काढावा लागतो. त्याचा अर्ज अर्थातच ताईने भरला. घरातले सगळे अर्ज तीच भरते: शाळेचे, दवाखान्याचे, मतदारयादीचे. अक्षर चांगलं म्हणून लहानपणी हे काम तिच्याकडे आलं ते तिथेच राहिलं. तिची एक पद्धत आहे. आधी आप्पा, मग भाऊ, मग वहिनी, मग बहीण, बहिणीचा नवरा, आणि शेवटी स्वतः. खाली अर्जदार म्हणून सही. बेटाच्या अर्जावर पाच ओळी होत्या. ताईने सवयीने सुरुवात केली आणि ओळी संपल्यावर सही केली. आपण यात नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही. आम्ही पाचही जणांनी तो अर्ज हातात घेऊन आपापलं नाव तपासलं होतं.

चौथ्या रविवारी मेहुण्याने परवाना मोठ्याने वाचला. पाच नावं झाल्यावर आप्पा म्हणाले, "आणि?"

आणि नव्हतं.

हंगामात कार्यालय रविवारीही उघडं असतं, मेहुण्याने तिथूनच फोन लावला. त्या दोन दिवसांच्या जागा भरल्या होत्या आणि पुढच्या तारखांपर्यंत कडा रिकामा होणार होता. ताईच्या पाठीवर हात ठेवून माझी बायको म्हणाली, "ओळच नव्हती ना गं. तू तरी काय करणार?"

वहिनी म्हणाल्या, एका परीने बरंच झालं, घरची झाडं कोणावर सोपवायची हा प्रश्न होताच. आपण मागे राहतो असं कोणी म्हणालं नाही. मला भयंकर राग आला. तो कोणावर काढायचा याचा विचार करत मी भात वाढून घेतला. पाचवं नाव माझं होतं.

मग मेहुणा म्हणाला, "ताई, तुझी ती दुर्बीण तेवढी दे. तुला फोटो काढून आणतो."

ताई रागावली की तिचा आवाज चढत नाही. ती चष्मा काढून पुसते. त्या दिवशी तिने तो इतका वेळ पुसला, की आप्पांनी जेवण थांबवलं. मग चष्मा लावून ती माझ्याकडे वळली. "जावईबापू, उद्या सकाळी गाडी काढा. कार्यालयात जायचंय."

मला वाटलं, एक जागा वाढवून मागायची असेल.

कार्यालयाच्या खिडकीतून परवाना आत सरकवून ती म्हणाली, "हा रद्द करा."

आतल्या बाईंनी विचारलं, पाचही? ताई म्हणाली, पाचही, अर्जदार मी आहे. बाईंनी सही ताडून पाहिली आणि शिक्का मारला. माझी जाड गादी माझ्या डोळ्यांदेखत गेली. पाच जागा मोकळ्या झाल्या होत्या; ताईने लगेच त्याच दोन दिवसांसाठी नवा अर्ज मागितला आणि पहिल्या ओळीवर पेन टेकवलं. हाताने आपोआप 'आ' काढला. आप्पांचा. ती त्या अक्षराकडे बघत राहिली. एवढं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि ती चिडली होती आपल्याच हातावर. अर्ज चार तुकडे करून तिने पर्समध्ये टाकला. "दुसरा द्या."

दुसऱ्या अर्जावर तिने आपलं नाव लिहिलं. खालच्या चार ओळींवर टेबलावरची पट्टी ठेवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटता फाटता राहिला.

"माझं नाव घालायचं असतं तर..." मी हळूच म्हणून पाहिलं.

"गच्चीवर बघा पक्षी," ताई म्हणाली.

संध्याकाळी ताईने सगळ्यांना पुन्हा जेवायला बोलावलं, तेव्हा नवा परवाना टेबलावर होता. मेहुण्याने तो उलटसुलट करून पाहिला, मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही केलं. आप्पा ताट पुढे सरकवून म्हणाले की या घरात असं कधी झालं नव्हतं. ते खरंच होतं.

"एकच नाव?" मेहुणा म्हणाला. "बाकीच्यांची राहिली का?"

"ओळी नसतील," माझी बायको घाईघाईने म्हणाली.

ताई दुर्बिणीचा पट्टा आपल्या गळ्याच्या मापाला लावत होती. तिने मान वर केली नाही.

"होत्या," ती म्हणाली. "चार होत्या."