चंदेरी पट्टीखालचे बारा आकडे

मी एक जुने, वापरून झालेले रिचार्ज कूपन आहे. माझ्या पोटात बारा आकडे आहेत, मित्रांनो. छापखान्यात त्यांची शाई वाळते न वाळते तोच वर चंदेरी पट्टी बसली. जन्मतःच तोंड बंद.

एका बाईंनी मला विकत घेतले. त्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना सांभाळत. "अडीनडीला असू दे," म्हणत त्यांनी मला पाकिटाच्या अस्तरात सरकवले. अडीनड काही येईना. पाच महिने मी अंधारात. ऐकू येई ते एवढेच: औषधाच्या बाटलीचे झाकण, आजोबांचा खोकला, आणि रोज सकाळी नऊला दाराला बाहेरून लागणारे कुलूप. आजोबांचा मुलगा कामावर जाताना ते लावी. "काळजी वाटते हो," म्हणे.

मग एका सकाळी उजेड.

बाईंच्या मुलीचा फोन आला होता. "आई, कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात..."

आवाज गेला. फोनची मुदत संपली होती. आता फोन जाईना आणि येईनाही. बाईंनी दार बडवले. समोरचे घर रिकामेच होते. मग त्यांनी केसांतली पिन काढून मला खसाखसा खरवडले.

7 1 4 0 9 2 6 5 ▒ 3 8 0

नववा आकडा पट्टीबरोबरच निघून आला. उरली जेमतेम एक रेघ.

बाईंनी आठ दाबला.

*क्रमांक चुकीचा आहे.*

सहा दाबला.

*क्रमांक चुकीचा आहे. आणखी एकदा चुकल्यास ही सेवा चोवीस तास बंद राहील.*

बाईंनी फोन खाली ठेवला.

"इकडे आणा ते," आजोबा म्हणाले.

"पडून राहा हो आजोबा. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"मग माझं वापरा. पाय गेलेत, डोकं नाही. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेत."

त्यांनी मला नाकाला टेकेपर्यंत जवळ धरले.

"आठाला टोक नसतं, तो बंद. सहाचं टोक उजवीकडे. हे डावीकडे आहे, आणि रेघ मधे आत वळलीय. तीन आहे."

"आणि नसला तर?"

"तर संध्याकाळपर्यंत मला शिव्या घाला. दोघंही कुठं पळून जाणार आहोत?"

तीन.

*आपले खाते भरले आहे.*

बाईंनी लगेच मुलीला फोन लावला. पलीकडे जावई होता. "किती फोन लावले तुम्हाला, आई! तुमच्याशी बोलल्याशिवाय ती आत जायला तयार नाही. देतो."

"बाळा, ऐक," बाई म्हणाल्या. त्यांचा दुसरा हात दाराच्या कडीवर होता. "दात दाबून सोसू नकोस. ओरड. खुशाल ओरड, लाज कसली त्यात?"

पलीकडची किंकाळी मला गादीवर ऐकू आली. आजोबांनी डोळे मिटले.

संध्याकाळी कुलूप उघडले तेव्हा बाई पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या.

"मी निघाले, साहेब. रजा मागत नाही, सांगतेय."

आजोबांचा मुलगा आत पाहू लागला. "पण बाबांना..."

"जाऊ दे तिला," आजोबा आतून म्हणाले. "आज तू बस माझ्याजवळ."

मित्रांनो, कूपन मिळाले तर ते नखाने, हळू खरवडा. फार दिवस दडवून ठेवू नका. आणि माणसे घरात ठेवून बाहेर पडाल तेव्हा एक किल्ली आतही ठेवा. काळजी वाटत असेल तर नक्कीच ठेवा.