चव्वेचाळीसच्या घरात एक्केचाळीस

मी पितळेची एक पुंगळी बोलते आहे. शपथ घेऊन सांगते, पुढे जे येईल त्यात एक अक्षर खोटं नाही. मी आयुष्यात कधी खोटं बोललेच नाही. म्हणजे बोलले, तीन-चारदा, पण ते डब्यातल्या इतर पुंगळ्यांसमोर, आणि त्यांनी काही ते मनावर घेतलं नाही. तुम्ही घ्या.

काडतूस म्हणजे गोळी, असं लोक समजतात. गोळी जाते ती जाते. मागे राहते ती मी. माझ्या बुडात टोपी, पोटात दारू आणि तोंडात शिशाची गोळी. रिव्हॉल्व्हरचा घोडा टोपीवर आपटला की पोटात जे पेटतं, त्याला नाव द्यायला मला अजून जमलेलं नाही. पापणी लवायच्या आत आख्खा सूर्य उगवून मावळतो म्हणा. मला तो अनुभव अकरा वेळा आला. दर वेळी वाटलं, संपलो आपण. आणि दर वेळी एका माणसाने मला उचललं, घासून लख्ख केलं, नवी टोपी घातली आणि पुन्हा भरलं.

तो माणूस ओडेल ब्रेक्के. अमेरिकेतल्या मोंटानात, बिटररूटच्या खोऱ्यात, लाकूड कापायच्या गिरणीत त्याने चाळीस वर्षं काढली. बायको गेल्यावर घरात तो आणि त्याची मुलगी मार्ना, दोघंच. मागच्या खोलीत त्याचं काडतुसं भरायचं बाक. बाकावर दाबयंत्र, पितळी तराजू, बंदुकीच्या दारूची बाटली आणि शिशाच्या गोळ्यांचा डबा. त्या बाकाचा नियम एकच होता. बाकावर एका वेळी एकच दारू आणि एकच माप. दुसरं काही भरायचं असेल तर आधी पहिलं सगळं उचलून कपाटात ठेवायचं. वीस वर्षांत हा नियम मोडला नाही, कारण मोडायची वेळच आली नाही. घरात गोळीच्या जाडीचं माप एकच होतं, इंचाच्या शंभराव्या भागांत. माझं. एक्केचाळीस.

मग त्या उन्हाळ्यात टोलीफमामाने मार्नाला वाढदिवसाला चव्वेचाळीसचं रिव्हॉल्व्हर दिलं.

टोलीफ हा ओडेलचा मेहुणा. दोघांचं भांडण मार्नाच्या वयापेक्षा जुनं.

"दाजी, एल्कसारखं आडदांड हरीण मारायचं तर गोळीला वजन पाहिजे," टोलीफ म्हणायचा. "तुमची एक्केचाळीस म्हणजे बायकांच्या पर्समधली वस्तू."

"तुझी चव्वेचाळीस मोजून बघितलीस कधी?" ओडेल विचारायचा. "जेमतेम त्रेचाळीस भरते. नावातच थाप आहे, तुझ्यासारखी. माझी सरळ जाते आणि मनगटाला झटका कमी देते."

"पण पुंगळ्या मिळतात का? माझ्या कुठल्याही दुकानात मिळतात. तुमच्या मागवून घ्याव्या लागतात."

"म्हणून मी माझ्या जपतो. तू तुझ्या रानात पेरत फिरतोस."

खरं सांगायचं तर दोघींत फरक इंचाच्या पन्नासाव्या भागाचा. तेवढ्यावर दोन म्हातारे वीस वर्षं कॉफी पीत होते.

आता ओडेलला दोन्ही भराव्या लागू लागल्या. मुलीची काडतुसं दुसऱ्या कुणी भरणं त्याला पटणारं नव्हतं. सुरुवातीला तो एक आवरून मग दुसरं मांडायचा. ऑक्टोबर सरता सरता गुडघे दुखायला लागले, कपाटापर्यंतच्या फेऱ्या नकोशा झाल्या. एका दुपारी मी पाहिलं, बाकावर दोन डबे शेजारी शेजारी उघडे होते. चव्वेचाळीसच्या डब्यात पन्नासातलं एक भोक रिकामं होतं आणि मी भरून तयार, मोकळी पडले होते. ओडेलने मला उचललं आणि बोटाने चाचपलं. त्याची बोटं गिरणीच्या थंडीने कधीच बधिर झाली होती आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याने मला त्या भोकात बसवलं आणि झाकण लावलं.

मी ओरडले. पितळेचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. एल्कचा परवाना त्या घरात मार्नाकडेच होता, कारण ओडेलला आता डोंगर चढवत नव्हता. मार्नाला एल्क मिळाला की त्यांचा हिवाळा निघायचा. नाही मिळाला तर दुकानातलं मांस आणायचं, आणि ब्रेक्क्यांच्या घरात ते कधी आलं नव्हतं. मार्नाने पहाटे, हातमोजे घालूनच, रिव्हॉल्व्हरच्या चकरीतल्या सहाही घरांत काडतुसं टाकली. बुडावरचे आकडे तिने वाचले नाहीत. बाबांनी भरलेलं कशाला तपासायचं?

मी त्यांतल्या एका घरात बसले, पण सैल. अंथरूण मोठं आणि अंग लहान, तशी गत. बुडाच्या कडेवर कशीबशी अडकून राहिले. आणि मग एक गोष्ट झाली, जी अकरा जन्मांत झाली नव्हती.

माझ्या हक्काच्या घरात मी घट्ट बसते. तिथे सगळा अंधार असतो. इथे मात्र माझ्या तोंडातल्या गोळीच्या वर चंद्रकोरीसारखी फट राहिली होती. मार्नाने घोडा मागे ओढला, चकरी फिरली, मी नळीसमोर आले आणि त्या फटीतून मला लांब नळीच्या टोकाला उजेडाचा एक वाटोळा तुकडा दिसला. त्या तुकड्यात बर्फ होता. बर्फावर तो उभा होता.

घोड्याएवढा उंच. मानेवर काळपट आयाळ, अंगावरून वाफ निघत होती, आणि डोक्यावर एक निष्पर्ण झाड घेऊन तो उभा होता. प्रत्येक शिंगाला सहा टोकं. त्याने मान वळवली तेव्हा ते झाडही वळलं, आणि मागचं आभाळ त्याच्याबरोबर सरकल्यासारखं झालं. मी अकरा वेळा सूर्य पोटात घेतला होता. पण ज्याच्यासाठी तो पेटवतात, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

मार्नाने चाप ओढला.

आवाज चुकला. नेहमीचा कडाडणारा आवाज नव्हता, ओल्या फडक्यात खोकल्यासारखं काहीतरी. मी उभी फाटले. माझी गोळी मोठ्या नळीत पाइपातल्या गोटीसारखी खडखडत गेली, आणि बाहेर पडल्यावर तिने कुणाला तरी पत्ता विचारला असणार, कारण एल्ककडे ती गेलीच नाही.

तो हलला नाही. तीस पावलांवर उभा राहून मार्नाकडे बघत राहिला. चकरीत अजून पाच काडतुसं होती, पाचही अस्सल चव्वेचाळीस. घोडा ओढायचा, चाप दाबायचा, की हिवाळ्याची सोय झाली.

मार्नाने रिव्हॉल्व्हर खाली घेतलं.

ती बारा वर्षांची असताना बापाने शिकवलं होतं, की आवाज चुकला तर थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते. वरून दुसरी झाडलीस तर हात जाईल. समोर काहीही उभं असो, आधी नळी बघ.

समोर काय उभं होतं ते तिलाही दिसत होतं. तिने मोजे काढले, मला ढकलून तळहातावर घेतलं, चकरी उतरवली आणि नळी आभाळाकडे धरून डोळा लावला. नळी मोकळी होती. तोवर एल्क सावकाश, घाई कसली ती नाहीच, झाडीत शिरला. मी तिच्या तळहातावरून त्याला आख्खा पाहिला. मार्ना श्वास घ्यायला विसरली होती. मला श्वास नसतो, तरी मीही विसरले.

मग तिने माझ्या बुडावरचा आकडा वाचला, आणि बराच वेळ बर्फातच बसून राहिली.

घरी येऊन म्हणाली, "नेम चुकला."

टोलीफमामाला हसू आवरेना. "चव्वेचाळीस हातात असून? अगं, माझी गाय नेम धरू शकते तिने."

"बंदूकच तसली," ओडेल खुशीत म्हणाला. "एक्केचाळीस नेली असतीस तर आत्ता आपण मांस कापत असतो."

मी मार्नाच्या कोटाच्या खिशात होते. चार दिवस होते. रोज ती खिशात हात घालायची, माझ्या चिरेवरून अंगठा फिरवायची आणि हात बाहेर काढायची. बापाला सांगितलं तर त्याचं बाक गेलं. नाही सांगितलं तर आज माप चुकलं, उद्या दारू दुप्पट पडेल आणि रिव्हॉल्व्हर हातातच फुटेल.

पाचव्या दिवशी दुपारी ती मागच्या खोलीत गेली. ओडेल शीळ घालत तराजूपाशी बसला होता. समोर दोन डबे, दोन्ही उघडे. तिने मला त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने आधी मला बोटांनी चाचपलं. मग भिंग आणलं. मग खिडकीपाशी जाऊन पुन्हा वाचलं.

"कुठल्या डब्यातली?"

"चव्वेचाळीसच्या."

"तू म्हणालीस नेम चुकला."

"म्हणाले."

"चार दिवस टोलीफचं ऐकून घेतलंस."

"मामाचं ऐकायची सवय आहे, बाबा."

ओडेल हसला. मग त्याने विचारलं, "दुसरी झाडलीस?"

"नाही. आवाज चुकला होता. नळी बघितली."

"तो उभा असताना?"

"उभा असताना."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "या घरात एकच माप राहील," तो म्हणाला. "कुठलं ते तू सांग."

मार्नाने दोन्ही डब्यांकडे पाहिलं. "एक्केचाळीस. पण भरणार मी. तुम्ही घासायचं आणि पुसायचं."

ओडेल खिडकीपासून बाकाशी आला. तराजू त्याने उचलला नाही. खुर्चीच तेवढी तिच्याकडे सरकवली.

टोलीफला रिव्हॉल्व्हर परत मिळालं तेव्हा तो फुगला. "जिंकलात की दाजी."

"नाही रे," ओडेल म्हणाला. "चव्वेचाळीस चांगलीच आहे. गोळीला वजन आहे. पुंगळ्याही मिळतात."

टोलीफने कॉफीचा कप खाली ठेवला आणि मार्नाला स्वयंपाकघरात गाठलं. "तुझ्या बापाला डॉक्टरकडे ने. मला लक्षण ठीक दिसत नाही."

माझं म्हणाल, तर फाटलेल्या पुंगळीला तेरावा जन्म नाही. मी बाकाच्या कडेला उभी असते. मार्ना प्रत्येक काडतूस भरलं की बुडाचा आकडा मोठ्याने वाचते, आणि ओडेल मागून म्हणतो, "बरोबर." त्याला तो आकडा दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल, तर तुम्हीही वाचत जा, भरणारा तुमचा कितीही लाडका असला तरी.

आता कबुली. एल्क खरा, त्याची बाराही टोकं खरी, फटीतून दिसलेला उजेडही खरा. पत्ता विचारणाऱ्या गोळीबद्दल तुम्ही विचारणार नाही एवढे शहाणे आहात. रचलेली गोष्ट एकच. ओडेल हसला, असं मी सांगितलं. तो हसला नव्हता. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला होता, आणि त्याने मला मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की माझी चीर मिटली होती.