डॉक्टर तारा दाणींचं यंत्र

प्राध्यापक गिरिधर पोतनीस दुधात पाणी शोधणारी काचेची नळी घरी बाळगत, आणि गवळ्यानं भांडं खाली ठेवायच्या आधी ती दुधात बुडवत. असा माणूस दिल्लीच्या संशोधन समितीनं निवडला, यात नवल नव्हतं. नागपूरला रामदासपेठेतल्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर तारा दाणींनी कर्करोग ओळखायचं यंत्र केलं होतं. त्याला एक वर्ष अनुदान मिळालं होतं. आता आणखी चार यंत्रं करून ती अकोला, अमरावती, चांदा, भंडारा इथे पाठवायची, असा त्यांचा दुसरा अर्ज होता. नागपुरातच भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या पोतनीसांनी ते यंत्र पाहून मत द्यायचं होतं.

अर्जाबरोबर समितीनं तिच्याकडे आलेलं एक निनावी पत्रही पोतनीसांना धाडलं होतं. त्यात एकच ओळ होती: यंत्र बोलत नाही, त्याच्या आडून दुसरंच कुणी बोलतं.

हे १९५७ सालचं. फेब्रुवारीच्या एका सकाळी पोतनीस सायकलवरून दवाखान्यात पोचले. डॉक्टरबाई चाळिशीच्या, बोलायला नेमक्या. त्यांनी यंत्र दाखवलं. तंबाखू खाणाऱ्याच्या गालाच्या आतून थोडं खरवडून काचेवर पसरायचं, रंग द्यायचा, ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. वर प्रकाश मोजणारा डोळा होता. पेशीचं केंद्र जितकं गडद, तितका बाजूच्या तबकडीवरचा काटा पुढे सरके. तांबड्या रेघेपलीकडे गेला की रोग.

यंत्रापाशी नत्थूजी नावाचा पन्नाशीचा माणूस बसला होता. जन्मभर त्यानं हातमागावर पातळं विणली होती. मागाचं काम बसलं तेव्हा दवाखान्यात काचा धुवायला लागला, असं बाईंनी सांगितलं. पोतनीसांनी त्याला नमस्कार केला आणि मनात त्याच्या नावाखाली रेघ मारली.

पोतनीसांनी दवाखान्याच्या काचा घेतल्या नाहीत. दुसऱ्या गावच्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडून त्यांनी वीस काचा मागवल्या होत्या, उत्तरं बंद पाकिटात. नत्थूजी एकेक काच लावी, आपला डोळा लावून क्षणभर पाही, मग काट्याचा आकडा सांगे. बाई लिहून घेत. शेवटी पाकीट फोडलं. एकोणीस बरोबर. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण पोतनीसांना तो आनंद काहीसा घाईचा वाटला. एवढं बरोबर येतंच कसं, या विचारानं त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते न सांगता गेले. नत्थूजीला इतवारीच्या बाजारातून काही आणायला पाठवा, असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाई जरा थांबल्या, पण त्यांनी पाठवलं. मग पोतनीसांनी त्याच वीस काचा क्रम बदलून पुढे ठेवल्या आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरला यंत्र चालवायला बसवलं. अर्जात लिहिलं होतं की कुणीही कंपाउंडर आठवड्याभरात हे यंत्र शिकेल, आणि हा महिनाभर शिकला होता. काटा प्रत्येक वेळी सरकत होता, थांबत होता. नऊ उत्तरं चुकली. त्यांतल्या सहा काचा रोगाच्या होत्या आणि यंत्रानं त्यांना निरोगी म्हटलं होतं.

पोतनीस बाहेर अंगणात आले, तेव्हा नत्थूजी परतत होता. त्यांनी त्याला कडुनिंबाखाली थांबवलं आणि सरळ विचारलं, की काट्याचं बटण तुम्ही हातानं फिरवता का.

"नाही जी," नत्थूजी म्हणाला. "काटा खोटं नाही बोलत. पण काचेवर हजार पेशी राहतात. त्यातली कोणती काट्याखाली धरायची, ते मी पाह्यतो. धाग्यातली गाठ जशी दिसते, तशी मले ते बिघडलेली पेशी दिसते. कंपाउंडर कोणतीबी धरते."

पोतनीसांच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. त्यांनी खिशातलं पत्र काढलं. "हे तुम्ही लिहवलंत?"

नत्थूजीनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "कचेरीपुढच्या अर्जवाल्याकडून लिहवलं. बाईले दोनदा सांगतलं होतं. त्या म्हणे, हळूहळू सुधारन यंत्र. बाई वाईट नाही, साहेब. पण चार मशीनी चार गावाले जातीन, तिथं मी कुठून येऊ? बाईमाणसाच्या तोंडात रोग राहीन अन् काटा म्हणन, काही नाही, घरी जा."

पोतनीस आत गेले. आतापर्यंत ते चोर शोधत होते, आणि आता समोर चोर नव्हता, तरी लपवलेलं होतंच. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

"तुमच्या अर्जात नत्थूजींचं नाव का नाही?" त्यांनी विचारलं.

"कारण नव्या यंत्राला पैसे मिळतात," बाई म्हणाल्या. "विणकराच्या नजरेला कोण देणार? मला वाटलं, यंत्र मिळालं की माणसंही शिकवता येतील."

"आणि तोवर भंडाऱ्याच्या यंत्रापुढे आलेल्या बाईचं काय?"

बाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला दिसलं तेच लिहा.

पोतनीसांनी तसंच लिहिलं. यंत्र खरं मोजतं. कुठे मोजायचं ते माणूस सांगतो. तसं पाहणारा माणूस शिकवून तयार केल्याशिवाय एकही यंत्र बाहेर पाठवू नये. अनुदान माणसं शिकवायला द्यावं, अशी शिफारस केली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: योजना नव्या उपकरणांसाठी आहे, प्रशिक्षणासाठी नाही, सबब अर्ज नामंजूर. पोतनीसांना प्रथमच आपल्या खरेपणाचा राग आला. त्यांनी समितीला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

पावसाळ्यात डॉक्टरबाई त्यांच्या घरी आल्या. भांडायला आल्या असाव्यात, असं समजून त्यांनी पत्नीला चहा उशिरा पाठवायला सांगितलं. पण बाईंना पोतनीसांच्या कॉलेजातले जुने, पडून असलेले सूक्ष्मदर्शक हवे होते. चार मिळाले. चार गावांच्या दवाखान्यांतून एकेक नर्स तीन महिने रामदासपेठेत येऊन राहिली. नत्थूजी त्यांना बिघडलेली पेशी नजरेनं ओळखायला शिकवी आणि बाई त्याला पेशींची नावं शिकवीत.

शेवटच्या दिवशी पोतनीसांनी चौघींपुढे वीस नव्या काचा ठेवल्या. ते कुणावर विश्वास ठेवणारे नव्हतेच. भंडाऱ्याच्या मनकर्णेनं अठरा काचांवर उत्तर लिहिलं आणि दोन बाजूला काढल्या.

"या का ठेवल्यास?"

"नक्की सांगता येत नाही, सर. या दोघायले पुन्हा बोलवा."

पोतनीसांनी पाकीट फोडलं. अठरा उत्तरं जुळली. त्या दोन काचांपुढे दुसऱ्या गावच्या त्या ओळखीच्या डॉक्टरांनीही लिहिलं होतं, शंका आहे, पुन्हा पाहावे. त्यांनी पाकीट मिटलं आणि मनकर्णेला भंडाऱ्याच्या गाडीची वेळ विचारली.