खिडकीतून काढलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी रबरी नळी आहे आणि सध्या माझं डोकं जाम फिरलेलं आहे. का, ते ऐकाच.

जन्म माझा कारखान्यातला, पण खरं आयुष्य सुरू झालं ते विद्यापीठाच्या रसायन प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे शुद्ध पाणी तयार करणारं एक यंत्र आहे. ते गार ठेवायला नळाचं पाणी दिवसभर त्याच्यातून फिरवावं लागतं. हे पाणी अगदी स्वच्छ, फक्त जरासं कोमट. तरी पूर्वी सगळं बेसिनमधून गटारात जायचं. प्रयोगशाळेतल्या मावशींना ते बघवेना. त्यांनी मला यंत्राला जोडलं, खिडकीतून खाली सोडलं आणि थेट माळीकाकांच्या पिंपात पोचवलं. पिंपात पाणी निवायचं, मग रोपांना मिळायचं. सहा वर्षं चारशे रोपं माझ्या जिवावर वाढली. काका येता-जाता मला थोपटायचे. मी किती फुगायचे म्हणून सांगू!

मग एक दिवस पत्र आलं. पाणीबचतीचं बक्षीस द्यायचं की नाही, हे ठरवायला पाहुणे येणार होते. झालं! भिंती रंगवल्या, फलक लागले. विभागप्रमुख सरांनी मला खिडकीत लोंबकळताना पाहिलं आणि म्हणाले, हे ध्यान आधी काढा, मला विचारल्याशिवाय परत लावायचं नाही. मावशी समजावू लागल्या, पण सर घाईत होते. माझी रवानगी दाराआडच्या खिळ्यावर झाली.

दुपारी काका वर आले. "मावशी, पिंप कोरडं पडलंय."

"पाहुणे येणार आहेत ना," मावशी म्हणाल्या, "आपण पाणी कसं वाचवतो ते बघायला."

काकांना हसू आलं, पण टिकलं नाही.

पाहुणे आले, चहा प्यायले, फलकांचे फोटो काढून गेले. बक्षीस मिळालंसुद्धा! त्याला आता तीन आठवडे झाले. मावशी विचारायला गेल्या की सर मीटिंगमध्ये. दुखऱ्या गुडघ्याने त्या रोज सहा बादल्या जिना उतरून नेतात. तेवढ्यावर निम्मीच रोपं तगली आहेत. बाकी सगळं पाणी बेसिनमध्ये खळखळतं, आणि ते मला इथे लटकून ऐकावं लागतं.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात माझ्यासारखं काहीतरी ओबडधोबड गुपचूप राबत असेल, तर बरं दिसत नाही म्हणून त्याला काढू नका. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी विभागप्रमुख झालंच, तर आधी खिडकीतून जरा खाली वाकून बघा. मी कुठवर जाते, हे सरांनी सहा वर्षांत एकदाही पाहिलं नाही.