मावशीचा बिल्ला दवाखान्यात

वापरून झालेल्या अणुइंधनाची कांडी उद्या तपासणीसाठी कापायची होती. जाड काचेआडून, यांत्रिक हातांनी! दोन वर्षं वाट पाहून हा मान मावशीला मिळाला, आणि नेमका आजच तिच्या किरणं मोजणाऱ्या बिल्ल्याचा आकडा भलताच चढलेला निघाला.

"बाई, उद्या तुम्ही घरी," साहेब गुरकावले. "बिल्ला कुठे नेला होतात?"

मावशी पुटपुटली, "दातांच्या डॉक्टरांकडे. एक्स-रे काढताना छातीवरच होता."

"तिथे कशाला मिरवलात?"

"रांग केवढी होती! बिल्ल्यावरचं किरणांचं चिन्ह बघून सगळे टरकून लांब सरकले. माझा नंबर पहिला!"

साहेबांनी डॉक्टरांना फोन करून खात्री केली. "बरं, उद्या कापा कांडी."

मग गाल चोळत हळूच विचारलं, "बिल्ला खिशाबाहेरच लावायचा ना? माझीही दाढ ठणकतेय."