वंगणाखालचा नंबर

बापाचं रिव्हॉल्व्हर अखेर ठाण्यात जमा झालं. आता हे मी बोललोच नाही असं समजा आणि नांगरटीपासून ऐका, कारण त्या दिवशी ते अजून घरात होतं आणि माझंही बरं चाललं होतं.

नांगरट म्हणजे मी आणि दोन बैल. तिघांत बोलणारा मी एकटा. ऊन असं, की ढेकूळ उलटलं की खालची ओल बघता बघता पांढरी पडायची. तेवढ्यात बांधावरून हवालदार सायकल ढकलत आला. म्हणाला, तुझा बाप वारला, परवाना त्याच्याबरोबरच संपला, आता ते हत्यार काढ. मी बैल सोडले, त्याला घरी नेलं आणि कोनाड्यातलं रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात दिलं. त्याचा हात तिथेच चिकटला.

आमच्या बापाचं एक होतं. लोखंड दिसलं की वंगण. गाडीचा आख, विहिरीचा रहाट, दाराच्या बिजागऱ्या, सगळ्यांना एकाच डब्यातलं. आजोबा पहारेकरी होते, त्यांच्याकडून हे रिव्हॉल्व्हर आलं तेव्हा त्यालाही बापानं आखाचंच वंगण फासलं आणि वरून बैलाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं शिवून टाकलं. दर पावसाळ्याआधी शिवण उसवून नवा थर द्यायचा. जुना कधी काढला नाही. म्हणायचा, जुन्या थरानं काय वाईट केलं होतं?

गोळी तर घरात कधीच नव्हती. तरी आई गेल्यावर बाप रोज संध्याकाळी ते मांडीवर घेऊन बसायचा आणि त्याला शेतातलं सांगायचा. घरात हत्यार आहे म्हणून लोक फिरकायचे नाहीत, आणि लोक फिरकायचे नाहीत म्हणून बापाला हत्यार लागायचं. असून अडचण, नसून खोळंबा. बाप गेला तेव्हा ते माझ्या मांडीवर आलं. उत्तर देत नाही, पण मध्ये तोंडही घालत नाही. आमच्या घराण्यात इतकं सभ्य दुसरं कोणी झालं नाही.

हवालदारानं राखेनं हात घासले आणि नंबर विचारला. परवान्यावरचा आकडा भिंतीच्या ओलीनं गेलेला, लोखंडावरचा वंगणाखाली. नंबर नाही तर नोंद कशाची करायची, म्हणून तोही अडला.

"साफ कर, नंबर सापडला की आण," तो म्हणाला. "तोवर राहू दे तुझ्याकडेच. यात गोळी सोड, मुंगी शिरायची नाही."

मी लगेच ठरवलं, साफ करायचंच नाही. घाण आहे तोवर सोबत आहे. ताईनं सासरहून दोनदा निरोप पाठवला, की ती बला बाहेर काढ आणि बायको आण. मी कळवलं, एवढा मोठा बदल एकदम सोसायचा नाही, आधी बैलांना विचारतो.

पाऊस लागला, आणि एका सकाळी चामड्याच्या शिवणीतून तांबूस पाणी गळताना दिसलं. जखमेतून यावं तसं. मी ते फडक्यात बांधून बाजाराच्या गावी बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चामडं कापलं, सुरीनं वंगण खरवडलं. खाली गंज. तोही कसा, तर शिवणीच्या टाक्याटाक्यानं, जसं काही कोणी भरतकाम केलंय.

"हे कुणी केलं?"

"बापानं. जीव लावून."

"जीव लावूनच मारत आणलंय. चामडं ओल धरतं, वंगण ती आत कोंडतं. असंच ठेवलंस तर पुढं नुसतं वंगण सांभाळत बसशील."

मी विचारलं, नंबर दिसणार नाही असं साफ करता येईल का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे आंघोळ घालायची, पण पाठ धुवायची नाही?"

मी बाकावरचं फडकं घडी करून खिशात घातलं. मग म्हणालो, घाला, पाठही धुवा.

त्यांनी ते रॉकेलमध्ये बुडवलं. मऊ ब्रशानं घासायला मला बसवलं. मी फाळ घासतात तशी वीट शोधत होतो, तर त्यांनी मनगट धरलं. म्हणाले, तांबडं काढायचं, काळं ठेवायचं, ते त्याच्या अंगचं आहे. वंगण उतरलं तसं ते ओळखू यायला लागलं. बिजागरीवर मोडून उघडणारं, गोळ्यांच्या सहा घरांचं, मुठीखाली दोरी ओवायची कडी. कारखान्याचं नाव झिजलेलं, तपासणीचा शिक्का शाबूत. शिक्क्याशेजारी नंबर, काल कोरल्यासारखा.

मिस्त्रींनी सगळी घरं उजेडात धरून रिकामी असल्याची खात्री केली, पातळ तेलाचा थेंब दिला आणि चक्र फिरवलं. कट्, कट्, कट्. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा बोललं.

दुसऱ्या दिवशी मीच ते ठाण्यात नेलं. हवालदारानं सुतळीनं चिठ्ठी बांधली आणि मुद्देमालाच्या खोलीत, गळक्या भिंतीला टेकवून ठेवलं. मी म्हटलं, इथं ओल आहे. तो म्हणाला, आम्हालाही आहे.

घरी आलो. संध्याकाळी बैलांशी बोलून पाहिलं. ते चघळत राहिले. मग कागद घेतला.

"साहेबांस विनंती, की सदर रिव्हॉल्व्हर दर पंधरवड्यास उन्हात काढण्यात यावे, पातळ तेलाचा हात देण्यात यावा व चक्र एक फेरा फिरवण्यात यावे. हे काम करणाऱ्या शिपायाने त्या वेळी गप्प बसू नये, पाऊसपाण्याचे दोन शब्द बोलावेत. शिपाई उपलब्ध नसल्यास अर्जदार रोज संध्याकाळी मोकळा आहे."